अर्ध्या जात्याचे सर

आमचे सर वर्गात कुठून शिकवतील याचा नेम नसे. फळ्यापाशी उभे राहिलेले सर मी एकदाच पाहिले, आणि तेही शिकवताना नव्हे. एरवी ते कधी शेवटच्या बाकावर आमच्या मांडीला मांडी लावून बसत, कधी दाराच्या उंबऱ्यावर. एकदा तर कवितेचा तास चालू असताना ते बाहेर गेले आणि खिडकीच्या गजांतून शिकवू लागले. बाहेर बाजाराच्या बैलगाड्या सुटत. एका बैलाने त्यांच्या पाठीला शिंग घासलं, तेव्हा मागे न वळता ते म्हणाले, "ऐकतो तुमचंही, पण कडवं संपल्यावर."

पाथर्डीच्या बाजूला आमचं गाव. तालुक्याला तेव्हा नवंच कॉलेज निघालं होतं आणि मराठीचे वर्ग एका जुन्या गोदामात भरत. त्या गोदामात पूर्वी मिरच्यांची पोती असायची. पोती गेली, तिखट राहिलं. जरासा वारा आला तरी आमच्या डोळ्यांना पाणी येई. सर शोकांतिका शिकवत असताना प्राचार्य एकदा दारावरून गेले आणि सगळा वर्ग डोळे पुसतोय हे बघून, असा परिणामकारक शिक्षक आपल्याला मिळाला म्हणून त्यांनी स्टाफरूममध्ये सरांचं कौतुक केलं. सरांनी ते नम्रपणे स्वीकारलं.

सरांच्या पँटीला दोन्ही घोट्यांपाशी सायकलच्या क्लिपा लावलेल्या असत. सायकल मात्र त्यांच्याकडे नव्हती, कधी होती असंही कुणी ऐकलं नव्हतं. एका धीट मुलाने विचारलंच, "सर, या क्लिपा कशाला?" सर म्हणाले, "अहो, कोण कधी सायकल देईल सांगता येतं का?"

विद्यार्थ्यांना ते 'अहो' म्हणत. मला कुणी 'अहो' म्हणण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. प्राध्यापक सांगतात ते पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं, एवढंच शिक्षण मला ठाऊक होतं. पहिल्या चाचणीत मी सरांचं व्याख्यान शब्दन् शब्द लिहून दिलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो. सरांनी पेपर परत केला. म्हणाले, "हे माझं आहे. छान आहे. आता तुमचं द्या." माझं असं काही असतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. एक, "यात काहीतरी आहे." कॉलेजच्या नोटीस बोर्डाच्या काचेला कुलूप होतं आणि किल्ली हरवली होती. आत गेल्या वर्षीची एक नोटीस पिवळी पडत होती. सर तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि शिपाईमामांना म्हणाले, "मामा, यात काहीतरी आहे." मामा म्हणाले, "हाय की सर. गॅदरिंगची नोटीस हाय."

दुसरं वाक्य, "जागा बदला." गोष्टीतला बाप का रागावला हे सांगता आलं नाही, की ते म्हणत, "तुम्ही मुलाच्या बाकावर बसून बोलताय. जागा बदला." आणि खरोखरच उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसावं लागे. तिथून बापाची बाजू मांडायची. मग सुनेची. एका तासात आम्ही इतकी उठबस करायचो की शेजारच्या वर्गाला वाटे, आमच्याकडे कवायत चालू आहे.

त्या वर्षी पाठ्यपुस्तकात एका वाटणीची गोष्ट होती. दोन भाऊ वेगळे होतात. जमीन, बैल, भांडी सगळ्याची वाटणी होते. शेवटी उरतं आईचं जातं. दोघांनाही ते हवं असतं. अखेर थोरला वरची तळी, म्हणजे जात्याचा वरचा दगड, उचलतो, धाकटा खालची, आणि दोघं दोन दिशांना जातात. तिथे गोष्ट संपते.

सरांचा त्या शेवटावर फार जीव. नगरला एका साहित्यसभेत त्यांनी त्यावर निबंधही वाचला होता. त्या दिवशी ते खिडकीत बसले होते. म्हणाले, "मुलांनो, अर्धं जातं घेऊन माणूस करील काय? दळता येत नाही, विकता येत नाही. असं प्रत्यक्षात कधी घडत नाही, घडणं शक्य नाही. जे प्रत्यक्षात घडत नाही आणि तरी आपल्याला खरं वाटतं, ते प्रतीक!"

मी हात वर केला. सर खुश झाले, कारण मी सहसा हात वर करत नसे.

"सर, आमच्या घरी आहे."

"काय आहे?"

"अर्धं जातं. वरची तळी. खुराड्याच्या दाराला लावतात."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खिडकीतून खाली उतरले, माझ्यासमोर आले आणि अगदी हळू विचारलं, "आणि खालची?"

"चुलत्यांकडे. हंड्याखाली."

सरांनी पुस्तक मिटलं. तास संपायला बराच अवकाश होता, तरी ते आम्हाला म्हणाले, "जा तुम्ही." मी दारात पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "रविवारी येतो मी. तुमच्याकडे."

खरी हकिगत अशी. आमचे आबा आणि तात्या, म्हणजे माझे वडील आणि चुलते, यांची वाटणी झाली तेव्हा आजीच्या जात्यापाशी गाडं अडलं. पंच सकाळपासून उपाशी. एक पंच वैतागून म्हणाला, "घ्या मंग एकेक तळी!" त्याने चेष्टा केली होती. आबांनी वरची उचलली. तात्यांनी खालची. तेव्हापासून आमच्या दोन घरांत एक भिंत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं जातं. दळण गिरणीवरून यायचं. दुष्काळाचं साल असल्याने आबा आणि तात्या एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात, तिथेही एकमेकांकडे पाठ करून बसत.

हे सगळं चालून गेलं असतं, पण अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाआधी जातं पूजतात. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधतात आणि सवाष्णी बसून नवरीची हळद दळतात. ते जातं घरचं लागतं. आईने सांगून टाकलं, "उसन्या जात्यावर माझ्या लेकीची हळद दळायची न्हाई. सासू ज्यावर दळून मेली ते जातं घरात हाय, अन् मी दुसऱ्याच्या दारात जाऊ?" आबा म्हणाले, "म्या मागायला जायाचा न्हाई." भिंतीपलीकडून तात्या मोठ्याने, कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले, "मागितलं तर न्हाई म्हननार न्हाई. पन मागाय तर पायजे!" लग्न जवळ येत होतं आणि आई दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. दुष्काळात पत्रावळी कमी निघाल्या तर तिला चालणार होतं, हळद मात्र घरच्या जात्याची हवी होती.

अशात रविवारच्या एस.टी.ने सर उतरले. पायांना क्लिपा. घरात शिरून त्यांनी पाणी घेतलं नाही, टोपी काढली नाही. सरळ विचारलं, "खुराडं कुठंय?"

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराचा प्रोफेसर पहिल्यांदा घरी आला आणि कोंबड्या बघायला निघाला. सर खुराड्यापुढे उकिडवे बसले. तळीवर हात फिरवला. मग आईला म्हणाले, "बाई, हा दगड पाहिला की तुमच्या मनात काय येतं?"

आई म्हणाली, "मुंगूस."

"मुंगूस?"

"दगूड सरकला का मुंगूस येतंय अन् कोंबडी नेतंय."

सर ते पाठ केल्यासारखं पुटपुटले, "मुंगूस... मुंगूस..." आणि आबांकडे वळले. "आणि तुमच्या?"

आबा म्हणाले, "माझ्या काय मनात यायचंय? जड हाय."

"यात काहीतरी आहे," सर मला म्हणाले. मग भिंतीकडे बघून उठले. "चला, आता तिकडून बघू."

मी जागचा हललो नाही. वाटणी झाल्यापासून आमच्यातलं कुणी तिकडे गेलं नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. आबा आभाळाकडे बघत होते. सर म्हणाले, "अहो, असे काय उभे? जागा बदला."

गुरूची आज्ञा म्हणून मी गेलो. काकूने मला बघितलं आणि पदर सारखा केला. तात्यांनी घोंगडी टाकली. खालची तळी कोपऱ्यात पालथी होती, तिच्यावर पाण्याचा तांब्याचा हंडा. सरांनी तोच प्रश्न काकूला विचारला.

"काय वाटायचं?" काकू म्हणाली. "हंडा हालत न्हाई."

सर इतके भारावले की घोंगडीवर न बसता जमिनीवरच बसले. तिथे त्यांनी तात्यांना सांगितलं की हे जातं त्यांना आठवडाभर वर्गात हवं आहे. तात्या लगेच म्हणाले, "दादा त्याची तळी देतोय का?" सर भिंतीपलीकडे गेले. आबा म्हणाले, "सायबाला न्हाई कसं म्हनू? पन धाकला देतोय का?" सर परत आले. तात्या म्हणाले, "दादा देतोय तर मी काय कमी हाय?" एकमेकांना जे दिलं नव्हतं ते दोघांनी एका क्लिपवाल्या परक्या माणसाला देऊन टाकलं.

निघताना आईने सरांना दारापाशी गाठलं. आवाज खाली करून म्हणाली, "मास्तर, एक ऐका. आनून दिऊ नका. ज्याचं त्यानं येऊन न्यावं म्हना."

"का हो?"

"तुमी नुसतं म्हना."

सरांना त्यातलं काही कळलं नसावं. पण निघताना त्यांनी दोन्ही दारांत तसं सांगितलं, आणि आईचं वाक्य वाटेत दोनदा पुटपुटले.

एस.टी.त वरची तळी सरांच्या मांडीवर आणि खालची माझ्या. कंडक्टर आला. "हे काय घेतलं मास्तर?"

"प्रतीक."

कंडक्टरने तळी बोटाने वाजवून पाहिली. "प्रतीकाला लगेज पडंल."

सरांनी निमूटपणे लगेजचं तिकीट काढलं.

जातं वर्गात टेबलावर मांडलं गेलं. तळीवर तळी ठेवताना सरांनी आमच्यापैकी कुणालाही हात लावू दिला नाही. कोंबड्यांची विष्ठा त्यांनी स्वतः घासून काढली होती. एका मुलाने रेशनवरची मूठभर मिलो ज्वारी घातली आणि फिरवून पाहिलं. सर सारखे जात्याभोवती फेऱ्या घालत होते. त्यांचा निबंध खोटा पडला होता. तरी माणूस नवीन खेळणं मिळाल्यासारखा आनंदात होता. "म्हणजे लेखकाने हे कुठेतरी पाहिलं असेल का?" ते पुन्हा पुन्हा विचारत. "की माणसं आपोआपच प्रतीकांसारखी वागतात?" मला फक्त अक्काची हळद दिसत होती. लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि न्यायला कोणीच येत नव्हतं.

अखेर बाजाराच्या दिवशी आबा आले. तास चालू असताना दारात उभे. डोक्याला पटका, हातात रिकामं पोतं. "जातं न्यायला आलोय," ते म्हणाले. त्यांच्या पाठीमागून आवाज आला, "दादा येकलाच दोन्ही तळ्या नेतोय असं ऐकलं, म्हनून म्या बी आलो." तात्याही त्याच एस.टी.ने आले होते. एक पुढच्या दाराने चढला होता, एक मागच्या.

सर खिडकीत बसून नेमकी तीच गोष्ट वाचत होते. ते पुस्तकातून वर न बघता म्हणाले, "बसा. शेवट राहिलाय." वर्गात एकच बाक रिकामा होता. आबा आणि तात्या त्याच्या दोन टोकांना बसले, मधे अख्खा माणूस मावेल एवढी जागा सोडून.

सरांनी शेवट वाचला. त्या गोष्टीतला धाकटा मोठा लबाड. वाटणीच्या आदल्या रात्री जात्याचा खुंटा काढून लपवतो. आणि थोरला तळी उचलताना ढसाढसा रडतो.

वाचन संपलं. तात्या उभे राहिले.

"ह्ये कुनी लिवलं?"

सरांनी लेखकाचं नाव सांगितलं. म्हणाले, ते आता हयात नाहीत.

"मंग त्याला आमच्या घरातलं कुनी सांगितलं?"

सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं, आणि त्या बघण्याने माझी बी.ए. तिथेच संपते की काय असं मला वाटलं.

सर घाईने म्हणाले, "अहो, पुस्तक जुनं आहे. तुमची वाटणी त्यानंतरची."

आबांनी विचार केला. "म्हंजी आमी करायच्या आधीच ह्यानं लिवून ठिवलं?"

"हो."

"आरं तिच्या!" तात्या बाकावर आपटले. "म्हंजी आमी पुस्तकात बघून केलं म्हनतील की लोकं!"

वर्ग हसायला लागला. आबा मात्र उठले. त्यांना मी चारचौघांत बोलताना कधी पाहिलं नव्हतं. पटका सारखा करून ते सरांना म्हणाले, "सायेब, पुस्तक खोटं हाय. आमचा धाकला लबाड न्हाई. हेकट हाय, टोनग्यासारखा हेकट. पन खुंटा त्यानं लपवला न्हाई. वाटनीत खुंटा त्याच्याच वाट्याला आल्ता. 'वरच्या तळीला लागतोय' म्हनून गपचिप माझ्या दारात आनून ठिवला. म्या बघितला ठिवताना. त्ये लिवा तुमच्या पुस्तकात."

तात्यांनी मान खाली घातली. मग त्या बाकाच्या टोकावरून, कुणाकडेच न बघता म्हणाले, "अन् दादा रडला न्हाई. आमचा दादा कवा रडलाच न्हाई. आय गेली तवा बी न्हाई. मला म्हनला, तू रड, बाकीचं म्या बघतो."

सर "यात काहीतरी आहे" म्हणतील असं आम्हाला वाटलं. ते उठले, फळ्यापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून कोऱ्या फळ्यावर डस्टर फिरवत राहिले. फळ्यावर अक्षरही नव्हतं. पाठमोऱ्या सरांनी दोनदा चष्मा काढून पुसला. गोदामातल्या मिरच्याच असतील. कारण आबाही पटक्याच्या टोकाने डोळे पुसत होते, आणि आमचे आबा कधी रडत नसत.

जातं दोघांनी मिळून उचललं. एकाच पोत्यात दोन्ही तळ्या घालून, एक टोक थोरल्याच्या हातात, एक धाकट्याच्या. एस.टी.त तोच कंडक्टर होता.

"आज काय, पुन्यांदा प्रतीक का?"

आबा म्हणाले, "न्हाई. कालेजात हुतं तवर प्रतीक हुतं. आता जातं हाय."

लगेज मात्र त्याने तेवढंच घेतलं.

हळदीच्या दिवशी सर आले. त्यांना कुणी आमंत्रण दिलं होतं की नाही हे आठवत नाही, पण आईने त्यांच्यासाठी पाट आधीच मांडून ठेवला होता. ते पाटावर बसले नाहीत, जात्याच्या अगदी जवळ भिंतीला टेकून बसले. बायकांनी आधी तोंडाला पदर लावला, मग विसरल्या. खुंट्याला हळकुंड बांधलं होतं. आई एका बाजूला आणि काकू समोर. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. वाटणीनंतर त्या पहिल्यांदाच समोरासमोर बसल्या होत्या आणि एकमेकींकडे न बघता दळत होत्या. मग जातं अडलं, दोघींनी एकदमच जोर लावला, खुंटा फिरला आणि दोघी फिसकन हसल्या. अक्काने मुंडावळ्यांआधीच रडून घेतलं.

सरांना राहवलं नाही. त्यांनी काकूला विचारलंच, "बाई, आता हा दगड पाहून काय वाटतं?"

काकूने हात न थांबवता उत्तर दिलं, "काय वाटायचं? तिकडं हंडा हालतोय."

सर एकदम उठले. भिंतीपलीकडे गेले. मी मागोमाग. तळी काढल्यामुळे जमिनीत खळगा पडला होता आणि भरलेला हंडा एका अंगाला कलून डुलत होता. सरांनी इकडेतिकडे चपटा दगड शोधला. मिळाला नाही. मग त्यांनी झोळीत हात घालून पाठ्यपुस्तक काढलं, हंडा कलता केला आणि ते नीट खाली सरकवलं.

हळदीने माखलेले हात घेऊन काकू दारात आली. "भिजंल की वो मास्तर, पुस्तक!"

"भिजू द्या," सर म्हणाले. "त्यात तुमच्या घरचं चुकीचंच लिहिलंय."

त्यांनी हंड्याला हात लावून पाहिला. हंडा हलत नव्हता.